डोंगरावरचा आवाज

वेल्डरनं वॉकीटॉकीचं कानातलं बटण घट्ट बसवलं. शंकाच नव्हती, रेडिओ क्लबचे मास्तरच बोलत होते.

"डोंगरावरच्या अँटेनावरून बोलतोय," दूरच्या कुणा दोस्ताला ते सांगत होते. "हवा झकास आहे."

हवा झकास! वेल्डरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कमरेला वॉकीटॉकी, एका हातात छोटी अँटेना, दुसऱ्या हातात लोखंडी पाना, असा तो चढण चढत होता. अँटेना फिरवायची, आवाज जिकडून जोरात, तिकडे बोलणारा. ही विद्या त्याला मास्तरांनीच शिकवली होती.

पुढे त्यांनी त्याच्या मुलालाही रेडिओचं वेड लावलं. पोरगा क्लबच्या मनोऱ्यावर चढला, तेव्हा खाली दोर धरून मास्तर उभे होते, अंगात त्यांचा तो नेहमीचा केशरी कोट. पोरगा खाली आला तो थेट फरशीवर.

घरात आता उरला होता धाकटा भाऊ. वेल्डरनंच त्याला लहानाचा मोठा केलेला, कॉम्प्युटरच्या कामाला लावलेला.

"दादा, दोरच कुजका होता," तो म्हणाला होता. "मास्तरांनी सोडला नाही. त्यांचे तळहात सोलून निघाले. अजून वळ आहेत."

वेल्डरनं त्याच्या थोबाडीत ठेवून दिली होती. जिवापाड जपलेल्या पोरावर हात उचलायची ती पहिलीच वेळ.

आज सकाळीही धाकट्यानं विषय काढला. "दादा, हल्ली रेडिओला डोंगर चढावा लागत नाही. घरबसल्या..."

"रेडिओचं नावही काढू नकोस या घरात!"

धाकटा पिशवी उचलून कामावर गेला.

वर एक खोली होती, डोक्यावर अँटेना. दार उघडंच. आत कुठलासा पंखा खरखरत होता, तेवढ्या आवाजात पावलं कुठली ऐकू येणार! रेडिओच्या मशीनपुढे, दाराकडे पाठ करून, केशरी कोट ओणवा बसला होता. डोक्यावर कोटाची टोपी.

"बोला, ऐकतोय," वेल्डरच्या कानात मास्तर म्हणाले आणि गप्प झाले.

वेल्डर आत घुसला. पहिला घाव टोपीवर बसला. कोट टेबलाच्या कडेवर आदळला, घसरत खाली आला. दुसरा घाव खांद्यावर बसला, हाड मोडल्याचं हाताला कळलं. तिसरा, चौथा. "माझं पोर! माझं पोर!" वेल्डर ओरडत होता, रडत होता, मारत होता. फरशीवर रक्त पसरलं. पालथ्या पडलेल्या देहाचा एक हात मागे आला, त्याच्या पायाला घट्ट धरून राहिला आणि मग सुटला.

तळहात वर झाला होता. कोवळा, साफ. वळ सोडा, साधा ओरखडा नाही.

म्हणजे धाकटा खोटंच बोलत होता. वेल्डरला फार बरं वाटलं. पाना टाकून तो भिंतीला टेकून बसला. झटापटीत कानातल्या बटणाची तार निसटून लोंबत होती.

कमरेचा वॉकीटॉकी मोठ्यानं बोलू लागला.

"छे हो, या वयात मी कुठला डोंगर चढतोय!" मास्तर हसत होते. "मी घरीच आहे, कॉम्प्युटरपुढे. रेडिओ तेवढा वर, चालवतो इथून. एका गुणी पोरानं जोडून दिलंय. आत्ता तोच वर गेलाय, पंखा बदलायला. गारठा आहे म्हणून माझा कोट घालून पाठवलाय. म्हणतो, मास्तर, एक दिवस माझ्या दादाला तुमच्यापुढे आणून बसवतो."