हिरवी खूण, काळ्या मिशा

शेवटच्या फोटोपुढे हिरवी खूण उमटली आणि वेबसाइट बनवणाऱ्या निनादने खुर्चीतल्या खुर्चीत शड्डू ठोकला. केळुसकरशेठच्या कोकम सरबताच्या वेबसाइटवरचं एकेक बटण, एकेक फोटो यंत्राने तपासून पास केला होता. अंधांना काँप्युटर फोटोचं वर्णन वाचून दाखवतो. ते वर्णन लिहिलंय की नाही, एवढंच यंत्र बघत होतं. काय लिहिलंय, ते बघायला कुणाला सवड होती? गंगेत घोडं न्हालं!

"आता आमच्या हिला वापरून बघू दे," शेठ म्हणाले.

त्यांच्या कुमुदिनीताईंची दृष्टी गेलेली. त्यांच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. त्यांनी सराईतपणे कळ दाबली. काँप्युटरमधली बाई ठणठणीत आवाजात बोलली, "फोटो. कोकम सरबताची बाटली." शेठ खूश झाले. ताईंनी पुढची कळ दाबली.

"फोटो. मिशांना डाय लावलेला म्हातारा. नंतर नीट लिहिणे."

जेवायला पळायच्या घाईत निनादनेच शेठच्या फोटोला ते तात्पुरतं खरडलं होतं. शेठचा हात मिशांवर गेला आणि तिथेच राहिला.

कुमुदिनीताईंनी सावकाश मान वळवली. "अहो, म्हणजे दर रविवारी न्हाणीघरातून जो वास येतो, तो गुडघ्याला लावायच्या तेलाचा नव्हे तर!"

शेठनी मिशांवरचा हात हळूच खाली घेतला.

"पोरा, तुझी वेबसाइट पास," ताई म्हणाल्या. "यांची तपासणी मी घरी घेते."