टूथपेस्टनं उजळलेलं नाणं

“तुझे बाबा हल्ली हरवल्यासारखे वाटतात गं, जरा लक्ष ठेव,” असं नाण्यांच्या दुकानातले काका म्हणाले, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. शेकडो नाण्यांच्या टाकसाळी ज्याला तोंडपाठ, तो माणूस हरवेल कसा?

विकण्याआधी दर्जा ठरवून घ्यायला पाठवलेलं बाबांचं सगळ्यात लाडकं चांदीचं नाणं आज तपासणीहून माझ्या ऑफिसात परत आलं. प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत, वर शेरा: अस्सल, पण घासलेलं, म्हणून दर्जा देता येत नाही.

मी नवऱ्याला फोन केला.

“आहे तसं विकूया, नाहीतर डबी फोडून दुसरीकडे पाठवू,” तो म्हणाला.

“अरे, पण घासलं की नाण्याची किंमत जाते हे माहीत असून बाबा नाणं घासतील? नुसतं बोट लागलं तरी घर डोक्यावर घेतात ते! तपासणाऱ्यांचंच काहीतरी चुकलंय.”

मग बाबांनाच फोन लावून विचारलं.

“मीच घासलं की! काळंकुट्ट झालं होतं, टूथपेस्टनं कसं लख्ख निघालं. आता बाकीची घेतलीत घासायला.”

त्यांचा आवाज इतका खुशीत होता की मी पर्स उचलून उभीच राहिले. मी ऑफिसात असते तेव्हा बाळ त्यांच्याकडेच असतं.

“बाबा, बाळ झोपलंय ना?”

“कुणाचं गं?”

विकायचं की पुन्हा पाठवायचं, ते नाणं टेबलावरच राहिलंय. मी टॅक्सीत आहे, सिग्नल सुटत नाहीये आणि बाबा आता फोन उचलत नाहीयेत. तुम्ही त्यांच्या इमारतीत राहत असाल, तर हे वाचणं सोडा, दुसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवा, आणि माझं बाळ दिसतंय का तेवढं सांगा.