निम्मी-निम्मी पुडी

"रिकामी पुडी खाऊन कुणाची सूज उतरते का हो?" डॉक्टर वृषालीने दोन्ही रिपोर्ट टेबलावर आपटले.

समोरच्या बाकावर नवागामची दोन जोडपी बसली होती. पंडित आणि भगवंत, शेजारी-शेजारी राहणारे, कापड विणणाऱ्या एकाच लूमच्या खात्यात कामाला, आणि दोघांनाही स्वादुपिंडाची जुनी सूज. सोबत त्यांच्या बायका, धुरपदाबाई आणि रंभाबाई. सुरतच्या त्या दवाखान्यात एका जडीबुटीची परीक्षा चालली होती. निम्म्या रोग्यांना खरी पूड, निम्म्यांना नुसती दिखाव्याची. कुणाला कुठली, ते सांगायचं नाही. सूज असली की रक्तात एक प्रथिन वाढतं, ते महिन्याच्या महिन्याला मोजायचं. भगवंतचं उतरलं, ते ठीकच. पण रिकामी पुडी खाणाऱ्या पंडितचंही उतरलं होतं!

धुरपदाबाईचा चेहरा खुलला. "उतरणारच! यांची पुडी कडूजहर, भगवंतभाऊंची गोडसर. औषध कडूच असतं ना, डॉक्टरबेन? मग आपल्याला औषध आणि शेजाऱ्याला साखर, बरं दिसतं का ते? मी दोन्ही पुड्या डब्यात ओतायची, चांगल्या ढवळायची आणि निम्मं-निम्मं करायची. तीन महिने. एक दिवस चुकले नाही!"

हे सगळं अशा तोऱ्यात, की जणू तिला हार घालायलाच बोलावलंय.

वृषालीने कपाळावर हात मारून घेतला. रागाच्या भरात ती बोलू नये ते बोलून बसली. "अहो, कडू पुडीत नुसतं पीठ आणि कारल्याची भुकटी! औषध त्या गोडसर पुडीत आहे!"

आधी भगवंतला हसू फुटलं, त्याच्यामागून पंडितला. धुरपदाबाईही पदर तोंडाला लावून हसली.

"हसू नका," वृषाली म्हणाली. "या परीक्षेच्या मोठ्या साहेबांचा नियमच आहे. यापुढं ज्याची त्याची पुडी. पुन्हा मिसळलंत तर दोघांचीही नावं कापणार." तिने नव्या पुड्या ज्याच्या त्याच्या हातात ठेवल्या.

धुरपदाबाईचं हसू मावळलं. दोन वर्षांनी पंडित आता कुठं अख्खी पाळी लूमवर उभा राहायला लागला होता.

"आते काय व्हई वं माय?" तिच्या तोंडून घरची बोली निसटली. "पुन्हा पोट धरून लोळतील ना हे!"

रंभाबाईने भगवंतच्या हातातली पुडी ओढून घेतली आणि डॉक्टरांच्या टेबलावरच उलगडली. बोटाने पुडीची मधोमध दोन भागांत वाटणी केली.

"भाऊ, हात पुढं करा," ती पंडितला म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात मोठ्या साहेबांचा आवाज आला. वृषालीने एकदा पुडीकडं बघितलं, एकदा रंभाबाईकडं. मग उठून दार लावून घेतलं.