कोरड्या तळ्यातले चमचे

बहात्तरच्या उन्हाळ्यात घनसावंगीकडच्या त्या गावात पाणी उरलं होतं ते फक्त काकासाहेबांच्या विहिरीत. सकाळी सत्यशीला रिकामी घागर घेऊन आली. "मालक, लेकरू तापानं फणफणून राह्यलं. तांब्याभर तरी द्या." काकासाहेबांनी नकारासाठी तोंडही उघडलं नाही. नुसती मान हलवली.

दुपारी ते लेकरू गेलं.

सांजच्याला कोरड्या तळ्यात पांढरे चमचे पक्षी उतरले. भेगाळल्या गाळावर सगळे एका ठेक्यात चपट्या चोची डावीकडून उजवीकडं फिरवत होते, आणि चोचींतून पाणी निथळत होतं. काकासाहेब बघतच राहिले.

घरी आले तेव्हा घशाला कोरड पडली होती. बायकोनं तांब्या पुढं केला. "अवो, पाणी देऊ का?"

त्यांना होच म्हणायचं होतं. पण मान हलली ती डावीकडून उजवीकडं, आणि हलतच राहिली.