शंभर वर्षांचा खांब

ओंडक्यांच्या केबिनला साहेबांना जुन्या कारखान्याचा थाट द्यायचा होता. भिंतींवर गंजके पाइप चढले, गोदामातले दिवे लागले. मधला लाकडी खांब तेवढा डोळ्यांत खुपत होता.

सुताराने आढ्याला जॅकचा तात्पुरता टेकू दिला, पण करवत काही लावेना. "साहेब, छपराचा सगळा भार यावर आहे. नवा खांब आधी बघू तरी द्या."

"फोटो दाखवला ना? अस्सल बिडाचा आहे, शंभर वर्षांचा. गाडी दारात आलीय. काप!"

सुताराने कापला. आढं करकरलं. जॅक कणभर खचला.

"लवकर आणा रे! चौघं लागा!" साहेब दाराकडे बघत ओरडले.

तेवढ्यात त्यांची बायकोच खांब काखोटीला मारून आत आली. "अहो, चौघं कशाला? फुलासारखा हलका आहे!"