मध्ये भोक असलेली गादी

"आजोबा, तुम्ही बसत का नाही? दर रविवारी उभेच!" मोबाइलच्या पडद्यातून नात आरोही म्हणाली. ती पुण्यात होती. इकडं परंड्यात शांतलिंग आप्पांनी घाईनं थाप मारली.

"अगं, तीस वर्सं एसटीत उभ्यानं तिकिटं फाडली. आता बसायचं कसं, तेच इसरलो बघ."

पडद्यावर आरोही हसली, मुलगा श्रीशैल हसला, सूनबाईही हसल्या. थाप पचली. फोन ठेवला आणि आप्पा भिंतीला धरून, एका अंगावर भार देत, कसेबसे पलंगावर टेकले. तेवढ्यानंही कळ मस्तकात गेली.

तीन आठवड्यांमागं परसात कपडे धुताना त्यांचा पाय साबणाच्या पाण्यावरून सटकला होता. धुण्याच्या दगडाच्या कडेवर ते बदकन आपटले. डोळ्यांपुढं काजवे चमकले. उठताच येईना, तिथंच पडून राहिले. कोणी पाहिलं नाही, बरं झालं, असं आधी वाटलं. मग उन्हं डोक्यावर आली, तरी कोणी पाहिलं नाही. त्यात बरं काय होतं, ते काही त्यांना आठवेना. इतकं एकटं त्यांना बायको गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

लपवण्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी आईचे दिवस उरकल्यावर श्रीशैलनं बजावलं होतं, "आप्पा, आज तुमचं ऐकतो. पण एकदा जरी पडलात, तर घराला कुलूप लावून तुम्हाला पुण्याला नेणार. तेव्हा एक शब्द ऐकायचा नाही." आप्पांना पुणं नको होतं. सातव्या मजल्यावर जाऊन करायचं काय? इथं स्वतःचं घर होतं, किल्ल्यापर्यंत सकाळची चक्कर होती, स्टँडवर अजून 'मास्तर' म्हणून हाक मारणारे दोघे-तिघे होते. खरं सांगायचं तर आता एकच उरला होता.

पण दुखणं काही ऐकेना. बसलं की ठणका, उठलं की कळ, सकाळी संडासला जायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. शेवटी आप्पा दवाखान्यात गेले. डॉक्टर अर्पिता त्यांच्या सुनेच्या वयाच्या. "कुठं दुखतं?" असं त्यांनी विचारलं आणि आप्पांनी मान खाली घातली. जागाच अशी, की दाखवायची चोरी. बाईंनी मात्र न हसता तपासलं, एका कुशीवर झोपवून एक्स-रे काढायला लावला आणि फिल्म उजेडावर धरली.

"हे मणक्याचं शेवटचं टोक, माकडहाड. आपटल्यामुळं बारीक चीर गेलीय. इथं प्लास्टर घालता येत नाही, ते आपलं आपण भरतं. पण दोन महिने तरी धरून चाला. कडक जागी बसू नका. बसलात तर जरा पुढं झुकून, आणि अर्ध्या तासानं उठायचं. गरम पाण्यानं शेका. पालेभाजी खा, पाणी भरपूर प्या, कुंथायचं नाही. मध्ये भोक असलेली गादी मिळते, ती आणा, म्हणजे हाडावर भार येत नाही. एवढ्यानं नाही थांबलं तर इंजेक्शन आहे." मग त्यांनी दाराकडं पाहिलं. "सोबत कोण आलंय?"

"एकटाच हाय."

"घरी सांगा, काका. असलं दुखणं एकट्यानं काढू नये."

आप्पांनी ठरवलं, येत्या रविवारी सांगून टाकायचं. श्रीशैल गाडी घेऊन येणार, हे नक्की. म्हणून त्यांनी उत्तरं तयार केली. 'म्या येणार न्हाय' हे पहिलं. 'घर सोडून मला झोप लागत न्हाय' हे दुसरं. तिसरं जरा रागाचं होतं. आठवडाभर ते चालता-चालता पुटपुटत होते. तरीही पोरगं हट्टालाच पेटलं तर काय घ्या, म्हणून शेजारच्या हरणाबाईंना कुंड्यांना पाणी घालायचं सांगून ठेवलं. कुलपात तेल सोडलं. पलंगाखालची बॅगही बाहेर ओढली, आत झुरळं झाली असतील, एकदा बघितलेलं बरं म्हणून.

रविवारी फोन आला. आप्पांनी दगडापासून एक्स-रेपर्यंत सगळं सांगितलं. आप्पांनी पहिलं उत्तर जिभेवर आणलं.

"कमाल करता आप्पा! आधी नाही का सांगायचं?" श्रीशैल म्हणाला. "थांबा, ती गादी आत्ताच मागवतो... हं, झालं. बुधवारपर्यंत दारात येईल. चांगली आहे, लोकांनी साडेचार स्टार दिलेत."

आप्पांनी फोन जवळ धरला. "आन् मग?"

"मग काय? गोळ्या वेळेवर घ्या. पुढच्या रविवारी मस्त बसून बोलू."

बुधवारी गादी आली. निळी, मऊ, मध्ये भोक असलेली. खुर्चीवर ठेवून आप्पा भीत-भीत टेकले. कळ आली नाही. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खरं होतं. समोर फोन ठेवून ते बसून राहिले, जरा पुढं झुकून, सांगितलं होतं तसेच.

अर्धा तास झाला तसे ते उठले. पलंगाजवळची बॅग त्यांनी उघडली. सगळ्यात वर आरोहीसाठी कुटून घेतलेली शेंगांची चटणी होती. तिच्याखाली शनिवारीच घड्या करून भरलेले चार सदरे. आप्पांनी ते एकेक करून परत खुंटीला लावले.