तिसरा सर्व्हर

आठ दिवस झाले, आईचा फोन नव्हता. एरवी दुपारपर्यंत चार वेळा वाजणारा मोबाइल टेबलावर गुमान पडून होता, आणि इंजिनिअर लेकीचा जीव थाऱ्यावर नव्हता. आपण होऊन फोन करावा, तर आई रुसली असेल ही धास्ती.

त्यातच साहेबांनी हाक मारली. "मॅडम, ग्राहकांची वर्दळ तुम्ही क्लाउडवरच्या तीन सर्व्हरांत वाटून दिली होती ना? दोघांना धाप लागलीय आणि तिसरा ठणठणीत असून माशा मारतोय. बघा जरा."

तिने कोड उघडला. गेल्या आठवड्यात दुरुस्तीच्या वेळी तिनेच तिसऱ्यापुढे लिहून ठेवले होते: इकडे काही पाठवू नये. दुरुस्ती तासाभरात उरकली होती. पण तिच्या कोडची शिस्तच अशी कडक, की एकदा ठरवून दिलेली सूचना नव्याने लिहिल्याखेरीज बदलत नाही.

ती ओळ सुधारून तिने न राहवून भावाला फोन लावला. "दादा, आई बरी आहे ना?"

"तिला काय धाड भरलीय? चष्मा सापडत नाही, नळ गळतोय, दिवसातून दहादा मलाच फोन. कान किटले माझे. तुला नाही करत?"

आता मात्र तिने आईचाच नंबर लावला. "आई, रागावलीस का गं माझ्यावर?"



"रागवायचं काय त्यात? 'मी कामात आहे, दादाला फोन करत जा' असं तूच म्हणालीस; तुला पुन्हा कधीपासून करायचा, ते अजून सांगितलं नाहीस."